पाकीट बंद, कंपनी बंद

"पाकीट येता काय तिचा?"

"तात्या, आता पाकिटां कुनाची येतात? सगला मोबायलवर येता."

"मी इचारला काय नि तू सांगतंस काय. पाकीट येता काय?"

"नाय येत."

"मंग ती कंपनी माझ्या म्हायतीतली नाय. पुढं बोलू नको."

निलेशनं मोबाईल पुन्हा काकाच्या नाकासमोर धरला. त्यावरची हिरवी रेघ थोडा वेळ आडवी सरपटून मग पोफळीसारखी सरळ वर गेली होती.

निलेश हा गंगाराम निवात्यांचा पुतण्या. लोट्याच्या वसाहतीत एका कारखान्यात ऑपरेटर. तीन वर्षं ओव्हरटाइम मारून दोन लाख जमवलेले, ते कुठं टाकायचे हे विचारायला कारखान्याच्या आठवडी सुट्टीच्या दिवशी काकाच्या पडवीत येऊन बसलेला. खरं तर कुठं टाकायचे ते त्याचं ठरलेलंच होतं. काकानं मान हलवावी एवढंच बाकी.

"पाच पट झाली तात्या, एका वर्सात! सोलरचा काम हाय. सरकारच ऑर्डरी देता."

"कंपनी किती वर्साची?"

"सात."

"सात वर्साच्या पोराला कोन मुलगी दाखवतो काय रं?"

आतून कमळाकाकी ओरडली, "अवो, त्याला चाय पिऊ द्या आदी! आला तवापास्न नुसता फाडताव त्याला."

"फाडत नाय. शिकवतोय."

"तुमची ती ब्लू चिप," निलेश चिडून म्हणाला, "तिच्यात घातला तर मी म्हातारा व्हईन तवा कुटं दामदुप्पट व्हईल. आनि तिच्या नावाचा अर्थ तरी म्हायत हाय तुमाला? परदेशात जुगारात चकत्या असतात. पांढरी, तांबडी, निळी. निळी सगळ्यात म्हाग. तिच्यावरनं नाव पडलाय."

गंगारामला हे नवीन होतं. चहाची बशी त्यानं खाली ठेवली.

"म्हंजे सगळ्यात चांगल्या कंपन्यांना नाव जुगाऱ्यांनी दिलानी?"

"व्हय."

"असू दे. कुठली चकती खिशात ठेवायची नि कुठली फेकायची ता जुगाऱ्यालाच बरा कळता."

आता टपाल वाटणाऱ्या माणसाला कंपन्यांतलं काय कळतं, असं बाहेरच्याला वाटेल. आमचा गाव अलोऱ्यापासून पाच-सहा किलोमीटर वर, घाटाच्या अंगाला. तीन वाड्या. टपाल कार्यालय म्हणजे गंगारामच्या पडवीचा डावा कोपरा, एक टेबल, एक लोखंडी पेटी आणि भिंतीला लाल पाटी. सकाळच्या एसटीनं अलोऱ्याहून पिशवी येते, ती फोडून गंगाराम वाड्यांवर फिरतो आणि दुपारच्या एसटीला उलटी पिशवी देतो. हे काम तो एकोणीसशे पंच्याऐंशीपासून करतो. पुढच्या वर्षी पासष्टचा झाला की सुटेल. एवढ्या वर्षांत त्यानं स्वतः एकही शेअर घेतलेला नाही. पैसा पोस्टात. पण गावात कुणाला शेअरचं विचारायचं असलं की पावलं त्याच्याच पडवीकडं वळायची, आणि त्याला कारण होतं.

नोकरीला चार वर्षं झाल्यावर त्याला अलोऱ्याच्या कोयना कॉलनीत बदली पोस्टमन म्हणून नेलं. कॉलनी तेव्हा भरलेली. पुण्याचे, नागपूरचे, कुठकुठले इंजिनियर, त्यांची क्वार्टर्स, त्यांचा क्लब. पगार वेळेवर आणि खर्च करायला जागा नाही, म्हणून साहेब लोकांनी शेअर घेतलेले. जुलै लागला की कंपन्यांची पाकिटं सुरू व्हायची ती गणपतीपर्यंत. आतून लाभांशाचा चेक. इकडं लावणी चाललेली, अंगावर प्लॅस्टिक आणि पोटाशी बांधलेल्या पिशवीत ही कोरडी ठेवायची पाकिटं. भिजलं तर साहेब बोलायचे, म्हणून गंगारामला एकेक पाकीट ध्यानात राहायचं. कंपन्यांची छापील नावं त्याला पाठ झाली, पण तोंडी वेगळीच. साबणवाली, रंगवाली, पंखेवाली, सिमेंटवाली. कुठलीचं पाकीट पिवळट, कुठलीला खिडकी, कुठली चेक घालते आणि वर एक ओळ लिहिते.

बी-टाइप क्वार्टरमधल्या एका इंजिनियर साहेबांना त्यानं एकदा विचारलं, ही न चुकता कशी काय येतात? साहेब पायरीवर बसून दाढी करत होते. त्यांनी फेस पुसता पुसता सांगितलं. कंपनीला नफा झाला की ती भागीदारांना वाटा देते. कंपन्या हजारो, पण वाटा दर वर्षी देऊ शकतील अशा थोड्या. त्या मोठ्या असतात, जुन्या असतात. त्यांचा माल घराघरात लागतो, म्हणून मंदी आली तरी खप थांबत नाही. डोक्यावर कर्ज कमी, म्हणून वाईट वर्ष अंगावर काढता येतं. चालवणारे बदलले तरी कारभार बदलत नाही. त्यांचा भाव एका रात्रीत दुप्पट होत नाही आणि सहसा एका रात्रीत बुडतही नाही. अशांना ब्लू चिप म्हणायचं.

साहेबांनी एवढं सांगितलं. गंगारामनं त्यातलं आपल्या कामात बसेल तेवढं उचललं.

मग आली ती वर्षं, जेव्हा कॉलनीत जो तो शेअरचे फॉर्म भरत होता. जाड, गुळगुळीत, रंगीत पुस्तकं यायला लागली. कोण सागाची झाडं लावणारी, कोण कोळंबी वाढवणारी, कोण ग्रॅनाइट खणणारी. पिशवीच्या पट्ट्यानं खांद्याला वळ उठायचे. यातल्या बहुतेकींची पाकिटं दोन किंवा तीन पावसाळे आली. पाठवणाऱ्याचा पत्ता दर वर्षी वेगळा. मग एका जुलैत बंद. पुढल्या जुलैत क्लबात चर्चा, की ती बुडाली. साबणवालीचं पाकीट मात्र तेच, पत्ता तोच, महिना तोच. गंगाराम हे बघत होता. त्याचा नियम तयार झाला: पाकीट बंद, कंपनी बंद. ज्या कंपनीचा कागद साधा, पत्ता जुना आणि पाकीट वीस वर्षं चुकलं नाही, ती ब्लू चिप.

बदली संपून तो गावच्या पडवीत परत आला आणि नियम बरोबर घेऊन आला. पॉवरहाऊसवर वायरमन असलेल्या किंवा मुंबईहून निवृत्त होऊन आलेल्या, शेअर बाळगणाऱ्या चार-पाच घरांनी त्याला वेळोवेळी विचारलं आणि त्याचं बहुतेक खरं ठरलं. त्यामुळं त्याची मान थोडी ताठच असायची. त्या दिवशी निलेशसमोरही तशीच होती.

"लिहून घे," तो निलेशला सांगत होता, "वीस वर्सां पाकीट चुकला नाय अशी—"

दारात स्कूटर थांबली. शमिका उतरली. वरच्या वाडीतल्या यमुनाबाई शिगवणांची ही सून. अलोऱ्यात पतसंस्थेत नोकरीला, कागदाला पक्की. तिनं पिशवीतून आधी साबणाच्या वडीचं रिकामं वेष्टन काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"तात्या, ही वडी तुमच्याकडं वापरतात काय?"

"हीच. बारा म्हयने. का गो?"

"मागं बारीक वाचा."

गंगारामनं चष्मा वर केला. वडीचं नाव मोठं, सगळ्यांच्या तोंडात असलेलं. मागं मात्र मुंग्यांएवढ्या अक्षरांत बनवणाऱ्या कंपनीचं नाव. ते वेगळं होतं. ते नाव गंगारामला पाठ होतं. ऑगस्ट, पिवळट पाकीट, खिडकी नाही.

"ही तर साबनवाली," तो म्हणाला. "ही बसली की, बुडाली. तुज्या सासऱ्याचे, रामाचे व्हते हिचे शेअर. दहा-बारा वर्सां झाली बसून."

"बसली तर वडी कोन करता?" शमिकानं विचारलं.

निलेशला हसू आवरेना. काकाकडं बघून त्यानं ते चहात बुडवलं.

शमिकानं मग सगळं रीतसर सांगितलं. दिवाळीआधी घर झाडताना माळ्यावर पत्र्याची पेटी मिळाली. तिच्यात सासऱ्यांचं, रामा शिगवणांचं, शेअरचं सर्टिफिकेट. ती सासूबाईंना विचारायला गेली तर त्या म्हणाल्या, टाक चुलीत, ती कंपनी बसली, गंग्यानं सांगितलान. दुसऱ्या दिवशी वडी फोडताना शमिकाला तेच नाव दिसलं. तिनं कंपनीच्या वेबसाइटवर बघितलं. पैसे न उचललेल्यांची यादी असते, तिच्यात रामा गोविंद शिगवण, गाव हेच. तिनं ईमेल केला. काल उत्तर आलं.

कंपनी चांगली उभी होती. एकही वर्ष लाभांश चुकला नव्हता. पण शिगवणांना पाठवायचं तिनं थांबवलं होतं, कारण पाठवलेलं परत आलं. सात वर्षं कुणी पैसे उचलले नाहीत की ते सरकारच्या एका निधीत जातात आणि मागोमाग शेअरही जातात. तसे ते गेले होते. बुडाले नव्हते. वारसानं कागद दिले तर परत मिळणार होते. मूळ चाळीस शेअरचे, कंपनीनं वेळोवेळी फुकट दिलेले बोनस शेअर धरून, आठशे झाले होते. त्यांची आजची किंमत शमिकानं हळू आवाजात सांगितली. निलेशच्या दोन लाखांच्या दुपटीला थोडी जास्तच.

"परत आला म्हंजे?" गंगाराम म्हणाला. "कोनी धाडला परत?"

शमिकानं शेवटचा कागद पुढं केला. परत गेलेल्या पाकिटाचा फोटो होता. दोन हजार अकराचा ऑगस्ट. वर शाईनं तिरपं लिहिलं होतं: 'मयत. परत.' खाली आमच्याच टपाल कार्यालयाचा गोल शिक्का.

गंगारामला स्वतःचं अक्षर ओळखायला चष्मा लागला नाही.

रामा त्या वर्षी जानेवारीत गेला होता. आणि त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्याच एका मयताचं रजिस्टर पत्र गंगारामनं त्याच्या भावाच्या हातात दिलं, त्यावरून दोन भावांत भांडण पेटलं, तक्रार वर गेली आणि गंगारामला लेखी समज मिळाली. मेलेल्याचं टपाल धाडणाऱ्याला परत, हा नियम. तेव्हापासून तो नियमाला असा चिकटला की नावाचा माणूस मेलेला दिसला की शेरा मारून पिशवीत. यमुनाबाईच्या दारावरून तो रोज जायचा. 'वैनी, असा असा पाकीट आलाय, कंपनीला तुमचा नाव कळवा' एवढं सांगितलं असतं तर कुणी समज दिली नसती. ते त्यानं सांगितलं नाही. दोन वर्षांनी तिनं विचारलं, गंग्या, ती पाकिटां येत नायत आता. हा तिच्याच अंगणात उभा राहून म्हणाला, बसली असंल. पाकीट बंद, कंपनी बंद.

"सासूबायना अजून सांगितला नाय मी," शमिका म्हणाली. "तुमी सांगा. माझ्याकडनं त्यांना पटनार नाय. गंग्यानं सांगितलान म्हनत बसतील."

ती गेली. निलेशनं मोबाईल खिशात घातला.

"तात्या, मंग तुमचा नियम..."

"गप ऱ्हा जरा."

गंगारामनं त्या दिवशीचं टपाल लावलं. खालच्या वाडीची सहा, मधल्या वाडीची चार. वरच्या वाडीला काहीच नव्हतं. तरी तो खालची, मधली उरकून वर चढला.

यमुनाबाईच्या खळ्यात भात वाळत होतं. ती पदर खोचून पायानं भातात रेघा ओढत फिरत होती. शहात्तर वर्षांची, वाकलेली, पण पाय मोजून टाकणारी. नऊ-दहा पावलं पुढं, वळायचं, पुन्हा नऊ-दहा.

"काय रं गंग्या, टपाल कोनाचा?"

"टपाल नाय. तुजंच काम हाय वैनी."

"मंग भातात पाय नको घालूस. कडेनं ये."

तो कडेनं आला आणि पायरीवर बसला. सांगायला सुरुवात केली. कंपनी बसली नाही. पाकीट त्यानंच परत पाठवलं. बसली असं त्यानं सांगितलं ते न बघता सांगितलं. शेअर सरकारकडं गेलेत, कागद केले तर येतील. तो बोलत असताना ती थांबली नाही. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत वळता वळता म्हणाली,

"मंग साबन कोनाचा?"

"त्याच कंपनीचा."

"म्हंजे मी तिचा साबन घेता घेता ती बसलीय म्हनत व्हते?"

"व्हय."

"नि तू?"

"मी पन तोच लावतो."

"तुला म्हायत नव्हता तर 'म्हायत नाय' म्हनायला काय तोंड दुकत व्हता तुजा?"

गंगारामनं खांद्यावरची पिशवी काढून पायाशी ठेवली.

"तेरा-चौदा वर्सां मेल्या! रोज ह्या वाटनं जातंस. रोज इचारतंस, वैनी बरी हाय काय. आनि एकदा म्हनून सांगितला नायस की बाय, तुज्या दाल्ल्याचा पाकीट मी परत लावला!"

"इसरलो."

"इसरलास? आमच्या जनीच्या लगनात किती पुऱ्या खाल्लंस ता इसरलास काय?"

गावात यमुनाबाईच्या तोंडाला कुणी लागत नाही. गंगारामही लागला नाही. त्यानं ऐकून घेतलं, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात रामाचं सगळं निघालं. पॉवरहाऊसवरच्या साहेबांच्या नादानं हे शेअर घेतले तेव्हा ती किती भांडली होती, चाळीस कागदांपेक्षा एक म्हैस आली असती असं म्हणाली होती, आणि पहिला चेक आला तेव्हा रामा तो फ्रेममध्ये लावायला निघाला होता. "मी म्हटला, मेल्या, फ्रेम कर नि गनपतीला काय फ्रेम दाखवतंस? जा बँकेत." दर वर्षी गणपतीच्या आधी तो पैसा यायचा, त्यातून आरास व्हायची. पाकीट बंद झालं त्या वर्षापासून यमुनाबाईनं आरास निम्मी केली होती.

शेवटी तीही पायरीवर बसली.

"मिळतील म्हनतंस?"

"शमिका म्हनते. कागद लय लागतात. मी फिरतो बरोबर."

"फिरशीलच. जातंस कुटं."

कागद खरंच लय लागले. सर्टिफिकेटवर 'रामा', मृत्यूच्या दाखल्यावर 'रामचंद्र'. दोन्ही माणसं एकच याचं प्रतिज्ञापत्र. वारसाचा दाखला. शमिकाच्या नवऱ्याची आणि मुंबईतल्या दोन मुलींची लेखी कबुली, की शेअर आईला मिळाले तर हरकत नाही. त्यातली एक जनी, तिनं फोनवर आधी आईला विचारलं, "गंगारामकाकानं सांगितलान म्हनून सही करू काय? मागच्या येळी पन त्यानंच सांगितलान." शेअर आता कागदाचे मिळत नाहीत, म्हणून यमुनाबाईच्या नावाचं डीमॅट खातं. चिपळूणला तीन खेपा झाल्या. स्टँप पेपरवर साक्षीदार म्हणून गंगारामनं सही केली आणि यमुनाबाईनं त्याच्या हाताकडं बघत विचारलं, "हेच ना ता अक्षर?"

खेपांच्या दिवशी टपाल बघायला कमळाकाकीचा भाचा बसायचा आणि त्याची मजुरी गंगारामच्या खिशातून जायची. ते त्यानं कुणाला सांगितलं नाही; काकीनं सगळ्यांना सांगितलं.

या सगळ्यात त्याच्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. त्यानं 'बसली' म्हणून सांगितलेली घरं आणखी होती. आठवून आठवून चार निघाली. तो एकेका दारात गेला, कंपनीचं नाव विचारून घेतलं आणि शमिकाला बघायला लावलं. दोन खरोखरच बुडालेल्या, सागवाली आणि ग्रॅनाइटवाली. एक दुसऱ्या कंपनीत मिसळलेली, तिचे शेअर नव्या नावानं जिवंत. चौथी जिवंत होती, तिचे शेअर खालच्या वाडीतल्या चिमाच्या बापाचे. चिमानं ते सर्टिफिकेट बंबात घातलं होतं. "तुमीच म्हनालाव ना तात्या, कचरा हाय." नक्कल मिळते म्हणे, पण त्याला पोलिसांत तक्रार लागते, पेपरात जाहिरात लागते. चिमाचं ते अजून चाललंय.

सगळ्यात जास्त त्याला लागली ती पंखेवाली. तिचा वार्षिक अहवाल गेल्या वर्षापर्यंत मधल्या वाडीत येत होता, चांगला जाड. तिला तो छाती ठोकून ब्लू चिप म्हणायचा. शमिकानं मोबाईलवर तिचे आकडे काढून दाखवले. कर्ज डोक्यावरून गेलेलं, तीन वर्षं लाभांश नाही, पंख्यांचा धंदा सोडून जमिनीत हात घातलेला.

"पाकीट येता व्हता की गो!" तो म्हणाला.

"पाकीट छापायला पैसा लागत नाय तात्या. वाटा द्यायला लागतो."

साबणवालीचेही तिनं काढले. तीस वर्षांचे, ओळीनं. जगभर बाजार पडला ते वर्ष, नोटा बंद झाल्या ते वर्ष, लॉकडाऊनची दोन वर्षं. भाव त्या त्या वेळी पडलेला, पण वाटा कधी चुकलेला नाही. कर्ज जवळजवळ नाही. गंगाराम बोट लावून एकेक वर्ष खाली आला. साहेबांनी दाढी करताना सांगितलेलं सगळं तिथं होतं. त्यानं त्यातलं फक्त पाकीट उचललं होतं.

निलेश पुढच्या सुट्टीला आला तेव्हा त्याला त्यानं पाकिटाचं विचारलं नाही. "वाईट वर्सात त्या कंपनीनं काय केलान ता बग. कर्ज बग. तिचा माल लोक उद्या बंद करतील काय ता बग. आनि एकदा बगून झोपू नको, दर वर्सी बग. आज ब्लू चिप हाय ती मरंपर्यंत ब्लू चिप ऱ्हाईल असा कोनी लिहून दिलेला नाय."

"सोलरवालीला वाईट वर्सच आलेला नाय अजून."

"मंग तिचा आपल्याला कायच म्हायत नाय."

निलेशनं दोन लाखांतले तीस हजार तरी सोलरमध्ये घातलेच. बाकीचे दोन-तीन जुन्या कंपन्यांत. तीस हजारांचे आज पस्तीस आहेत आणि तो दर आठवड्याला काकाला फोन करून ते सांगतो. काका "बरा" म्हणतो.

यमुनाबाईचा अर्ज एकदा त्रुटी काढून परत आला, पुन्हा गेला. तीन-चार महिने काहीच नाही. पुढच्या जूनमध्ये, पेरण्या उरकल्यावर एका सकाळी शमिकाच्या मोबाईलवर संदेश आला, आठशे शेअर सासूबाईंच्या खात्यात जमा. अडकलेला लाभांशही बँकेत.

त्या दिवशी गंगाराम वरच्या वाडीत गेला तेव्हा यमुनाबाई पडवीत वाल निवडत होती. शमिका बाजूला. यमुनाबाईच्या मांडीवर सुनेचा मोबाईल आणि त्यावर आठशेचा आकडा. तो तिला दिसत नव्हता, पण तिनं मोबाईल परत दिला नव्हता.

"गंग्या, ही म्हनते इकूया नको. तू काय म्हनतंस?"

"कंपनी चांगली चाललीय आता तरी. पैशाची गरज नसंल तर ऱ्हाऊ दे. गरज लागली तर शंभर-दोनशे इक, सगली नको. नि हिला दर वर्सी बगायला सांग."

"पडली तर?"

"पडंल कदी कदी. रामाच्या येळी पन पडायची. त्याला तू बोललीस तरी त्यानं इकलान नाय."

"त्याला काय कळत व्हता?" यमुनाबाई म्हणाली. वालातला एक किडका दाणा तिनं अंगणात भिरकावला. "ऱ्हाऊ दे मंग. वारस म्हनून नाव घाल गो शमिके, तुजा नि पोरांचा. आताच घाल. मी मेले की हा परत कायतरी लिवंल."

शमिका हसली. गंगारामनंही हसून घेतलं. पावसाची एक सर येऊन गेली. त्यानं पिशवीचं तोंड प्लॅस्टिकनं बांधलं.

"चाय घे."

"नको. खालच्या वाडीत दोन रजिस्टर हायत, नि एसटीच्या आत पिशवी बांधायची हाय."

तो पाणंदीला लागला. पहिलं रजिस्टर पत्र एका म्हाताऱ्याच्या नावाचं होतं, जो चैत्रात गेला. गंगारामनं दाराची कडी वाजवली. सून बाहेर आली.

"ह्या नावाचा पत्र आलाय," तो म्हणाला. "मला ता परत पाठवायला लागंल, तसा नियम हाय. पन आदी पाठवनाऱ्याचा नाव-पत्ता तू वहीत उतरून घे. आनि त्यांना कळव. उतर, मी थांबतो."

ती वही शोधायला आत गेली. गंगाराम वळचणीला उभा राहून दुसरं पत्र बघत होता. ते तळ्याच्या बाजूच्या घराचं होतं, आणि एसटीला अजून पन्नास मिनिटं होती.